मुखवट्यामागचे पोरके मूल

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा लेख मागताना "वैद्यकीय असावा, पण घरच्या मंडळींनाही वाचता यावा" अशी अट घातली. लसीकरण, बालदमा, मोबाइलचे वेड हे विषय मागील अंकांत लिहून झाले आहेत. म्हणून या वेळी थोडा निराळा विषय घेते आहे. बॅटमॅन, स्पायडरमॅन, हल्क इत्यादी काल्पनिक महानायकांच्या वाट्याला जे आघात आणि जे मृत्यू येतात, त्यांचे त्यांच्या मनावर काय परिणाम होतात, हा तो विषय. पन्नाशी उलटलेल्या बालरोगतज्ज्ञ बाईने कॉमिक्सवर लिहावे, याचे काही ज्येष्ठांना नवल वाटेल. त्यांना एवढेच सांगते, की हा विषय मी शोधला नाही. तो माझ्या दवाखान्यात पोट धरून चालत आला.

सन २०२१, ऑगस्ट महिना. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने एप्रिल-मे महिन्यांत आपल्या इंदूरची जी दैना केली, ती आपणांपैकी कोणीच विसरले नसेल. नऊ वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. महिनाभर बेंबीभोवती पोट दुखत होते. ताप नाही, उलटी नाही, वजन किंचित उतरलेले. तोंडावर कापडी मास्क, त्यावर स्पायडरमॅनचे जाळे छापलेले. घसा पाहण्यापुरता त्याने तो खाली केला आणि लगेच वर ओढला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि लिहिण्यापूर्वी आईची अनुमती घेतली आहे.)

पहिल्या भेटीत मी जंताचे औषध दिले. दुसऱ्या भेटीत आम्लतेचे औषध आणि मल-मूत्र तपासणी. तिसऱ्या भेटीत सोनोग्राफी. तीत मेझेंटेरिक लिंफ नोड्स किंचित वाढलेले निघाले. ते नेमक्या कोणत्या मुलाच्या सोनोग्राफीत निघत नाहीत, हे आम्ही बालरोगतज्ज्ञांनी एकमेकांना खासगीत विचारावे! वडिलांविषयी विचारले तेव्हा आईने "नाहीत. मे महिन्यात गेले" असे सांगितले होते. मी केसपेपरवर 'वडील हयात नाहीत' असे लिहिले आणि पोट चाचपू लागले. ही चूक पूर्णतः माझी. त्या दिवसांत तसे वाक्य रोज दोन-तीनदा लिहावे लागत असे, एवढेच काय ते समर्थन.

चौथ्या भेटीत आई औषधे घ्यायला बाहेर गेली असताना मी सहज विचारले, "तुला स्पायडरमॅनच का आवडतो? बॅटमॅन का नाही?" त्याने जे उत्तर दिले, ते या लेखाच्या मध्यभागी यायचे आहे. त्यासाठी आधी या नायकांच्या घराण्याची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. मलाही ती त्यानंतरच करून घ्यावी लागली.

वेताळाची शपथ

माझ्या पिढीचा या मंडळींशी परिचय झाला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. मामा पुण्याहून आणत असे तो मराठी 'वेताळ', आणि खजुरी बाजारात मिळे तो हिंदी 'वेताल'. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला हा नायक इंद्रजालने १९६४ पासून भारतीय घरांत आणला. मूळ कथा आपल्याला पाठ आहे. चाचे जहाजावर हल्ला करतात, डोळ्यांदेखत वडील मारले जातात, वाचलेला तरुण किनाऱ्याला लागतो आणि वडिलांच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, की मी आणि माझे वंशज आयुष्यभर अन्यायाशी लढू. पुढे प्रत्येक पिढीत बाप मेला की मुलगा तीच शपथ घेतो, तोच मुखवटा चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा वेताळ.

लहानपणी मला त्या कवटीच्या अंगठीचा हेवा वाटे. आज तीच कथा वाचताना एका गोष्टीने अस्वस्थ होते. वेताळ अमर आहे, असा जंगलातील लोकांचा समज आहे आणि तो टिकविणे कुळाचारासारखे आहे. म्हणजे वडील गेल्याचे मुलाने जगाला सांगायचेच नाही. कोणी समाचाराला येणार नाही, कोणी जवळ बसणार नाही. बापाला मूठमाती दिली, की त्याचेच कपडे अंगावर घालून 'मीच तो' असे म्हणत बाहेर पडायचे. एकवीस पिढ्यांत एकाही मुलाला शोक करण्याची मुभा मिळालेली नाही.

वेताळानंतर दोनच वर्षांनी, १९३८ च्या जूनमध्ये, सुपरमॅन आला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांची ती निर्मिती. सीगलचे वडील शहरात कपड्यांचे दुकान चालवीत. १९३२ च्या जूनमध्ये दुकानात चोरी होत असताना ते कोसळले आणि हृदयविकाराने गेले. मुलगा सतरा वर्षांचा होता. त्यानंतर काही वर्षांत त्याने असा नायक कल्पिला, ज्याच्या छातीवर बंदुकीची गोळी आपटून खाली पडते. या दोहोंत संबंध आहे की नाही, यावर अभ्यासक वाद घालतात. माझ्यासारखी, रोज मुलांची चित्रे पाहणारी बाई तो संबंध न जोडता राहू शकत नाही.

गंमत अशी, की या सगळ्या मंडळींत सर्वांत भीषण हानी सुपरमॅनची झाली आहे. आईवडील तर गेलेच, पण ग्रह, भाषा, समाज, सारेच भस्म झाले. तरीही मनाने सर्वांत निरोगी तोच. कारण तो तान्हा असताना केंट दांपत्याच्या घरी पोहोचला. दोन वेळचे जेवण, शाळा, शेत, रागावणारी आणि जवळ घेणारी माणसे त्याला मिळाली. जितका आघात मोठा तितका विकार मोठा, असे सरळ त्रैराशिक बालमनाच्या बाबतीत चालत नाही. आघातानंतर मूल कोणाच्या हाती पडले, यावर पुष्कळ काही ठरते. हे विधान आम्ही पाठ्यपुस्तकांत वाचतो. कॉमिक्सच्या लेखकांनी ते कोणतेही पुस्तक न वाचता लिहून ठेवले आहे.

मेणबत्ती आणि रिकामी खोली

बॅटमॅनचे प्रकरण मात्र सविस्तर पाहण्यासारखे आहे. बॉब केन आणि बिल फिंगर यांचा हा नायक १९३९ च्या मे महिन्यात अवतरला. तो असा का झाला, हे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या अंकात अवघ्या दोन पानांत सांगितले आहे. आईवडिलांबरोबर रस्त्याने घरी जाणारा मुलगा, अंधारातून आलेला लुटारू, दोन गोळ्या. पुढच्या चित्रात तो मुलगा पलंगापाशी गुडघे टेकून, मेणबत्तीच्या उजेडात, सर्व गुन्हेगारांशी लढण्याची शपथ घेतो आहे. खोलीत दुसरे कोणीही नाही.

ते चित्र मी कितीतरी वेळा पाहिले. दोन मृत्यू पाहून आलेले मूल खोलीत एकटे आहे आणि कोणीही त्याला विचारलेले नाही, की तू जेवलास का, तुला झोप लागते का. शपथ ही त्या एकटेपणातून आलेली आहे. सुन्न झालेल्या, हतबल मुलाने स्वतःला दिलेला तो एक आधार आहे. आपण मात्र तिला शौर्य म्हणतो.

पुढे बॅटमॅन काय करतो? रोज रात्री तो एखाद्या अंधाऱ्या गल्लीत जातो. तिथे बंदूकधारी असतो, कोणीतरी निरपराध असतो, आणि या खेपेस तो वेळेवर पोहोचतो. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. येथे मला लिनोर टेर या बालमनोविकारतज्ज्ञ बाईंच्या कामाची आठवण होते. १९७६ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातील चौचिला गावी शाळेची बस अडवून २६ मुलांचे अपहरण झाले. त्यांना जमिनीत पुरलेल्या एका ट्रकच्या डब्यात कोंडण्यात आले. चालक आणि मुले स्वतःच्या हिमतीने बाहेर आली. शरीराने सारी सुखरूप होती, तेव्हा सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. टेर यांनी त्या मुलांचा काही महिन्यांनी, आणि पुन्हा काही वर्षांनी अभ्यास केला, तेव्हा मनावरचे व्रण प्रत्येकाजवळ सापडले. त्यांनी एका विशिष्ट खेळाचे वर्णन केले आहे. आघात झालेली मुले घडलेला प्रसंगच पुन्हा पुन्हा खेळतात. तो खेळ रुक्ष असतो, त्यात हसू नसते, शेवट बदलत नाही आणि खेळून मन हलकेही होत नाही. सामान्य खेळाने मूल भीतीवर मात करते. या खेळात भीतीच मुलाला खेळवीत राहते.

बॅटमॅनची रात्रीची गस्त मला तशीच वाटते. आठ वर्षांच्या मुलाचा खेळ, जो मोठा माणूस खेळतो आहे. आघातोत्तर तणाव विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात स्वतंत्र नाव मिळाले ते १९८० साली. पण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणारे तेच दृश्य, सदैव सावधपणा, झोपेचा अभाव, जवळीक करण्याची भीती, ही लक्षणे त्याआधी चार दशके दर महिन्याच्या अंकात रेखाटली जात होती.

त्याहून मनोरंजक आहे ते असे. पहिल्या कथेतील ती रिकामी खोली पुढील लेखकांना सहन झाली नाही. आल्फ्रेड हा विश्वासू सेवक कॉमिक्समध्ये आला १९४३ मध्ये, तोही नायक मोठा झाल्यानंतर नोकरीला लागलेला. नंतरच्या लेखकांनी त्याला मागे मागे नेत आईवडिलांच्या मृत्यूआधीपासून त्या घरात नेऊन बसविले. आता मुलाला वाढविणारा आल्फ्रेड नसलेला बॅटमॅन आपण कल्पूही शकत नाही. १९७६ च्या मार्चच्या अंकात लेस्ली टॉम्पकिन्स नावाची स्त्री आली. खून झाला त्या रात्री त्या गल्लीत मुलाला जवळ घेणारी ती होती, असे लेखक डेनी ओनील यांनी दाखविले. त्याच कथेत बॅटमॅन दरवर्षी आईवडिलांच्या मृत्यूच्या तारखेला त्या गल्लीत जातो, असेही आहे. पुढे तिला डॉक्टर करण्यात आले! २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स' या चित्रपटात पोलीस ठाण्यात बसलेल्या मुलाच्या खांद्यांवर एक साधा पोलीस कोट पांघरतो, आणि २०१२ च्या चित्रपटात मोठा झालेला नायक नेमकी तीच गोष्ट आठवतो.

म्हणजे त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवायला वाङ्मयाला ३७ वर्षे लागली. एकदा ठेवल्यावर मात्र कोणी तो काढून घेतला नाही.

याच नायकाच्या कथेत १९८८ साली एक प्रकार घडला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याचा मानसपुत्र जेसन टॉड याने जगावे की मरावे, हे वाचकांनी दूरध्वनीवरून मत देऊन ठरवावे, असे प्रकाशकांनी जाहीर केले. ५३४३ विरुद्ध ५२७१ मतांनी मुलगा मेला. कागदावरचा का होईना, पण मुलगा. मला ही जाहिरातबाजी मुळीच आवडलेली नाही.

आपल्याच व्यवसायातील एका डॉक्टरने कॉमिक्सवर ओढलेला कोरडाही येथे नोंदवावा. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ मध्ये पुस्तक लिहून कॉमिक्स मुलांना बिघडवितात असे मांडले. सिनेटसमोर साक्षी झाल्या आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. वर्थम हे करुणाळू डॉक्टर होते. हार्लेममधील गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी नाममात्र शुल्कात दवाखाना चालविला होता. परंतु त्यांच्या मूळ टिपणांचा अभ्यास करून कॅरल टिली यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की मुलांच्या तोंडची विधाने त्यांनी ठिकठिकाणी फिरविली होती, जुळवून घेतली होती. मूल कॉमिक्समध्ये काय पाहते, हे ठरविण्याआधी त्याला विचारावे आणि उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे, हा धडा मला त्यांच्या चुकीतून मिळाला.

"मी पण खाली गेलो होतो"

आता त्या मुलाकडे वळते.

"स्पायडरमॅनच का?" या प्रश्नावर तो म्हणाला, "डॉक्टरकाकू, बॅटमॅनची काही चूक नव्हती. स्पायडरमॅनची होती."

मग त्याने मला कथा सांगितली. पीटर पार्करला शक्ती मिळाल्यावर त्याच्यासमोरून एक चोर पळाला. पीटरने त्याला अडविले नाही, जाऊ दिले. पुढे त्याच चोराने पीटरला वाढविणाऱ्या बेनकाकांना मारले. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ च्या ऑगस्टमध्ये लिहिलेली ही कथा मी तेव्हा प्रथम ऐकली, आणि तीही त्या मुलाकडून. सांगून झाल्यावर तो बराच वेळ टेबलावरच्या टॉर्चशी खेळत राहिला. नंतर म्हणाला, "मी पण खाली गेलो होतो."

लॉकडाऊन होता. वडिलांनी बजावले होते, की इमारतीच्या खाली खेळायला जायचे नाही. तो एका दुपारी मित्राबरोबर चेंडू खेळून गुपचूप परत आला. पाच-सहा दिवसांनी वडिलांना ताप आला. तीन आठवड्यांनी ते रुग्णालयातच गेले. अंत्यदर्शनही झाले नाही. इतके दिवस तो हे पोटात घेऊन फिरत होता. मराठीत 'पोटात ठेवणे' हा वाक्प्रचार आहे आणि मी तीन भेटी त्याच पोटाची सोनोग्राफी करीत बसले होते.

"आईला सांगू नका," तो म्हणाला. "मे काकूने हात काढून घेतला होता."

हे मला कळले नाही. त्या रात्री मी २००४ चा 'स्पायडरमॅन २' हा चित्रपट लावून पाहिला. त्यात पीटर आपल्या काकूला टेबलाशी बसून सांगतो, की काकांच्या मृत्यूला मी जबाबदार आहे. तिचा हात त्याच्या हातात असतो. ती तो हळूच सोडवून घेते आणि काही न बोलता खोलीत निघून जाते. पुढे ती त्याला जवळ करते, खरे बोलायला धैर्य लागते असे म्हणते. पण मुलाच्या मनात ठसला होता तो सुटलेला हात.

पाच ते दहा या वयांतील मूल मृत्यूचे कारण शोधू लागते, आणि ते शोधत शोधत बहुधा स्वतःपाशी येऊन थांबते. मी रागाने 'मर' म्हटले म्हणून आजोबा गेले, मी पाणी आणून दिले नाही म्हणून बाबा गेले. मोठ्यांना हा वेडेपणा वाटतो. मुलाच्या दृष्टीने त्यात एक सोय आहे. दोष माझा असेल, तर जग अजून नियमाने चालते आहे, आणि मी नीट वागलो तर पुढचे माणूस वाचेल. दोष कोणाचाच नसेल, तर आईसुद्धा उद्या जाऊ शकते. हतबलतेपेक्षा अपराध पत्करलेला बरा, असा तो सौदा असतो. पीटर पार्कर साठ वर्षे हाच सौदा करीत आला आहे. १९७३ मध्ये त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून पडली. त्याने जाळे फेकून तिला झेलले आणि त्या हिसक्यानेच तिची मान मोडली, असे चित्रात सूचित केले आहे. वाचवायला गेलेला हातच कारण ठरावा, याहून क्रूर प्रसंग त्या वाङ्मयात नसेल.

अशा मुलाला आपण लगेच "छे, तुझी काही चूक नाही" असे म्हणतो. मीही त्या दिवशी म्हणायला तोंड उघडले होते. ते म्हणणे खरेच असते, पण फार लवकर म्हटले तर मूल ऐकते ते असे, की याविषयी बोलू नको. आधी पूर्ण ऐकावे लागते. कोणता चेंडू, कोणता मित्र, परत आल्यावर हात धुतलेस का, सारे. त्यानंतर मी त्याला विचारले, की बाबा त्या दिवसांत कुठे कुठे जात होते. ते औषधांच्या घाऊक व्यापारात होते आणि रोज दुकानावर जात, हे त्यानेच सांगितले. विषाणू कुठून आला हे कोणालाही ठरविता येणार नाही, मलाही नाही, असे मी म्हटले. डॉक्टरला हे ठाऊक नाही, याचे त्याला आश्चर्य वाटले. माझ्या मते त्याला थोडे बरेही वाटले.

इतर मंडळींविषयी थोडे

बाकीच्या नायकांचा परामर्श धावता घेते. हल्क १९६२ चा. प्रारंभी त्याच्या क्रोधाचे कारण गामा किरणांचा अपघात एवढेच होते. १९८५ मध्ये लेखक बिल मँटलो यांनी त्याचे बालपण उघडे केले. मारकुटा बाप, आणि त्याच बापाच्या हातून झालेला आईचा मृत्यू. किरणांनी राक्षस निर्माण केला नाही, तो आधीपासून आत कोंडलेला होता. १९९१ च्या एका अंकात मनोविकारतज्ज्ञ असलेले डॉक सॅमसन त्याच्या दुभंगलेल्या रूपांना संमोहनाच्या साहाय्याने एकत्र आणतात. १९९८ मध्ये फेलिटी आणि सहकाऱ्यांनी बालपणीची मारहाण व घरातील हिंसा यांचा मोठेपणीच्या हृदयरोगाशी, व्यसनाशी असलेला संबंध दाखविला, हे डॉक्टर वाचकांना ठाऊक आहेच. 'फार चिडका आहे हो' म्हणून जी मुले आपल्याकडे आणली जातात, त्यांच्या घरी कोण चिडते, हे विचारण्याचा आपल्याला संकोच वाटतो.

'आयर्न मॅन ३' (२०१३) मधील एक प्रसंग आपल्या तातडीच्या विभागात रोज घडतो. नायकाला अचानक धाप लागते, छातीत धडधडते, हृदय गेले की विषबाधा झाली अशी त्याची खात्री होते, आणि यंत्र तपासून सांगते, की हा तीव्र चिंतेचा झटका आहे. त्याला ते खरे वाटत नाही. आपल्याही रुग्णाला ईसीजी नॉर्मल आल्याचे दुःखच होते.

'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' (२०१९) मध्ये थॉर भाऊ, आईवडील आणि आत्मविश्वास गमावून दारू पीत, पोट सुटलेल्या अवस्थेत घरात बसलेला दिसतो. चित्रपटगृहात मोठा हशा झाला. नातवाने मला नेले होते. मला हसू आले नाही, कारण तो नैराश्याचा रुग्ण होता. त्याच चित्रपटात कॅप्टन अमेरिका काही माणसांना वर्तुळात बसवून त्यांचे दुःख ऐकतो, तो प्रसंग दोन मिनिटांत संपतो. २०२१ च्या 'वांडाव्हिजन' मालिकेत वांडा जोडीदाराचा मृत्यू नाकारण्यासाठी अख्खे गाव आपल्या खोट्या सुखाच्या नाटकात कोंडते. गावकरी हसत असतात आणि आतून तळमळत असतात. 'बाबा बाहेरगावी गेलेत' असे मुलाला वर्षभर सांगणाऱ्या घरांत मी हेच पाहिले आहे. त्या नाटकात सर्वांनाच काम करावे लागते.

कर्ता पुरुष

आपल्या घरांत तेरा दिवसांची रीत आहे. येणारे-जाणारे, जमिनीवरचे अंथरूण, त्याच त्याच आठवणी, रडणे. मोठ्यांसाठी ही फार शहाणी व्यवस्था आहे, असे माझे मत आहे. मुलांना मात्र त्या दिवसांत शेजारी किंवा मावशीकडे धाडतात, नाहीतर नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती एकदम मडके देतात. दोन टोके. मधली, जवळ बसवून सांगण्याची पायरी राहून जाते. आणि तेराव्याला कोणीतरी डोक्यावर हात ठेवून म्हणतेच, "रडायचे नाही हं. आता तूच घरचा कर्ता."

हीच ती कवटीवरची शपथ. हीच ती मेणबत्ती. म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. या मुलाच्या आजीनेही मायेनेच म्हटले होते. तो त्या दिवसापासून रडला नव्हता, आणि तीन आठवड्यांनी पोट दुखू लागले.

माणसे आघातातून उभी राहतात, काही अधिक समर्थही होतात. पण शोक टाळून नव्हे, शोक होऊन गेल्यानंतर. लहान मुलाला मृत्यू हा शब्द उच्चारून सांगावे. 'झोपले' म्हटले की ते झोपेला घाबरते, 'देवाघरी गेले' म्हटले की परतण्याची वाट पाहते. मुले सलग शोक करीत नाहीत. दहा मिनिटे रडतात आणि क्रिकेट खेळायला पळतात. त्यावरून 'त्याला काही समजत नाही' असा निष्कर्ष काढू नये. बहुसंख्य मुलांना औषध लागत नाही, एक न घाबरणारे मोठे माणूस लागते. मात्र ओढ आणि वेदना सहा महिन्यांनंतरही तशीच तीव्र असेल आणि शाळा, खेळ, झोप बिघडलेली असेल, तर २०२२ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला दीर्घकालीन शोक विकार असे स्वतंत्र नाव आहे. आघात-केंद्रित वर्तनोपचारांचा अशा मुलांना चांगला उपयोग होतो. मरणाची भाषा, स्वतःला इजा करणे, खाणे सोडणे, यांपैकी काही दिसले तर सहा महिनेच काय, सहा दिवसही थांबू नये.

मी या मुलाला बालमानसतज्ज्ञांकडे पाठविले. चौथ्या की पाचव्या बैठकीत त्याने आईला चेंडूची हकिगत सांगितली. तज्ज्ञ बाईंनी दोघांची संमती घेऊन मला कळविले, की आईने हात काढून घेतला नाही. ती म्हणाली, "ताप आला तेव्हा दोन दिवस घरीच बघू, असं मी म्हटलं होतं." ती तिची गोष्ट होती. चार महिने ती तीही एकटीच पोटात ठेवून होती. त्या दिवशी दोघे खूप रडली.

त्यानंतर माझ्या केसपेपरवर एक ओळ वाढली आहे. 'घरात अलीकडे कोणी गेले का?' आणि उत्तर 'हो' आले, तर मुलाला एकट्याला विचारायचा प्रश्न, 'तू तेव्हा कुठे होतास?'

पुढच्या वर्षी मे महिन्यात तो मुलगा पुन्हा आला. पोट दुखत होते. मी तपासणीच्या टेबलाकडे हात केला, तेवढ्यात आई म्हणाली, "डॉक्टर, सोनोग्राफी नको. परवा वर्षश्राद्ध आहे."